दोन मिस कॉल

हर्षालीनं फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "कृष्णराज, तुझ्या फोनवरनं एकदा लाव बघू आबाला."

लोहाऱ्याच्या स्टँडमागं कृष्णराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दहावीपर्यंत दोघं एकाच वर्गात. त्यानं नंबर लावला, स्पीकर चालू केला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"चार्जिंग संपलं असंल काकाचं."

"न्हाय संपायचं. म्याच तर सेटिंग केलीय."

आणि ती एका दमात सांगत सुटली. रविवारी आबा, म्हणजे तिचे वडील लिंबाजी, मेंढरं हाकत माकणीकडं निघाले. धरणाचं पाणी हटलं की काठाला हिरवळ उरते, दरवर्षीचंच आहे. पण तिकडं चार्जिंगला जागा नाही, दुसऱ्या दिवशी फोन बंद, आणि मग माय आठवडाभर दारात उभी. म्हणून या खेपेला हर्षालीनं एक व्हिडिओ बघितला, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये शिरली, फोर-जी काढून फक्त टू-जी ठेवलं, नेट बंद केलं आणि फोन आबांच्या हातात देत म्हणाली, आता आठवडाभर चार्जरचं नाव काढू नका.

"बोलायचं तर काय नसतंच रे. एक मिस कॉल म्हणजे बरंय. दोन म्हणजे या. आबाला वाचता येत न्हाय, मायच्या फोटोवर बोट ठिवायचं, मनात पाच मोजायचे आन कट करायचं. पाच दिवस झाले, एकबी न्हाय आला."

"सिम कोणतं हाय?"

तिनं सांगितलं. कृष्णराजनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ते टू-जीवर चालतच न्हाय गं. त्या कंपनीचं टू-जीच न्हाय. तू बॅटरी वाचवलीस, पण सिम बंद पाडलंस."

हर्षाली काउंटरवरचा फोन उचलायचं विसरून बाहेर पडली. तो घेऊन कृष्णराजच तिच्यामागं पळाला.

तिच्या थोरल्या भावानं, सिदूनं, माकणीच्या धरणापर्यंत गाडी कुठंच थांबवली नाही.

मेंढरांच्या ओरडण्यावरनंच जागा सापडली. दिवस माथ्यावर आलेला आणि मेंढरं अजून जाळीच्या कुंपणातच. बाभळीखाली आबा बसलेले, उजवा पाय दगडावर, त्याला पटक्याचा तुकडा बांधलेला. वरची नडगी निळी पडून तकाकत होती.

"आलाव व्हय," आबा म्हणाले.

सिदूनं फडकं सोडलं आणि तोंड फिरवलं.

"बुधवारी काटा मोडला. बसलोया तसाच. ईरण्णा म्हणून हाय एक मासे धरणारा, तो भाकर देतोय."

"आन आमाला न्हाय कळवायचं?" सिदू म्हणाला.

"कळवलं की. बुधवारी दोन मिस कॉल दिले. बेस्तरवारी परत दोन."

हर्षाली खाली बसली.

"मग त्या ईरण्णाच्या फोनवरनं तरी लावायचा, आबा," ती म्हणाली.

"दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा कशाला बोलवायचं? म्हनलं, कामं असतील तुमची."

रागानं नव्हे, ऊन लई हाय म्हणावं तसं ते बोलले. मग बंडीच्या आतल्या खिशातनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन त्यांनी काढला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड आला.

"पन पोरीनं केलेलं काम बेस झालं. आकडे वळखतो म्या. बघ, बॅटरी अजून चौतीस हाय. हटायचं नाव न्हाय."

तिनं फोन घेतला. अंगठा दोनदा भलतीकडंच पडला. टू-जी काढलं, फोर-जी केलं. आधी काहीच झालं नाही. मग फोन थरथरला, पुन्हा थरथरला, आणि थांबेचना. एकामागं एक मिस कॉलचे मेसेज. सिदूनं आबांचा पाय आपल्या गुडघ्यावर धरून ठेवला होता, तोही बघायला लागला.

"कुनाचे एवढे?" आबांनी विचारलं.

"घरचे. मायनं लावलेले. मंगळवारपासनं."

"मंग वाजला कसा न्हाय?"

"म्या..." हर्षाली म्हणाली. "त्या सेटिंगनं, आबा. तुमचेबी लागले न्हायत. एकबी न्हाय."

आबांनी हात पुढं केला. तिनं फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"तेहेतीस झाले," ते म्हणाले. "आता उतरायली बघ."

"उतरू द्या, आबा."

त्यांनी बंडीला बोट पुसलं आणि मायच्या फोटोवर ठेवलं. फोन हातातच होता, नेहमीसारखा, कानापासनं लांब. त्यांचे ओठ हलत होते. पाच झाले. अंगठा कटच्या लाल खुणेवर गेला, तिथं जरा थांबला, आणि मग आबांनी फोन कानाला लावला.