पुतळा ऐकत नाही

दिवाळे गावातल्या सगुणाची एकच तक्रार होती. पोरगी ऐकत नाही. तिची पुतळा पाच वर्षांची झाली होती. खाडीकाठी सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकल म्हटलं, तरी ती ढिम्म बसून राही. हाका मारमारून सगुणाचा घसा बसे, मग हात उठे. बोलायचं म्हणाल तर आ-ऊपलीकडे तोंडातून शब्द नव्हता.

"बोलंल उशिरानं," सासू केशरबाई म्हणे. "हिचा बापूस पन चार वर्सांनी बोलला."

घरादाराचं तेवढ्यावर समाधान होतं. मूल बोलेना की आपल्याला असा एखादा उशिरा बोललेला बाप नाहीतर मामा आठवतोच!

१९८४ साली गावात बालवाडी निघाली. वाशीच्या नव्या वसाहतीतून अरुणाबाई शिकवायला येत. गाणं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, की पुतळा दोन्ही हातांनी डोकं झाकून घेई. बाईंना ते खटकलं. एका दुपारी मुलं पाटीवर रेघा ओढत होती, तेव्हा त्यांनी मागे जाऊन थाळी वाजवली. सगळी मुलं दचकून वळली. पुतळाची मान वर झाली नाही.

त्याच संध्याकाळी बाई सगुणाकडे गेल्या.

"सगुणाताई, मला वाटतं पुतळाला ऐकू येत नाही. मुंबईच्या इस्पितळात तिचे कान तपासून घ्या."

"कानाला काय झालंय? लई हट्टी हाय ती. मार खाल्ल्याबिगर हलत नाय."

"मार तिला कळतो, हाक कळत नाही. मी गायला तोंड उघडलं की ती डोकं का झाकते? तोंड मोठं उघडलं की फटका बसतो, एवढंच ती शिकली आहे."

सगुणा मासळी निवडत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

इस्पितळात तीन खेपा झाल्या. पुतळा जन्मापासूनच जवळजवळ बहिरी होती.

"कानाला यंत्र लावू, शाळेत घालू. लिहायला-वाचायला शिकेल," डॉक्टर म्हणाले. "पण बोलणं कितपत येईल, सांगता येत नाही. बोलणं शिकायची खरी वर्षं पहिली दोन-तीन. तान्हेपणीच आणली असती तर! इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

लक्षात रोज येत होतं. सगुणाने त्याला हट्ट असं नाव दिलं होतं, इतकंच.

बाहेरच्या बाकावर तिने पोरीला छातीशी धरलं. "चुकले गो बाय, चुकले," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हेसुद्धा पुतळाला ऐकू येत नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या गिरजाबाईला मुलगी झाली, काशी. पोर सात महिन्यांची असताना सगुणाने तिच्या पाठीमागे वाटी वाजवून पाहिली. पोर वळली नाही.

"तुझी बहिरी म्हनून माझी पन का?" गिरजाबाईने दार लावून घेतलं.

सगुणा दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. "मला शिव्या दे, पन पोरीला घेऊन चल. सासूचं ऐकून मी बसले, तशी तू बसू नको."

शेवटी दोघी मिळून पोरीला इस्पितळात घेऊन गेल्या. वर्षाच्या आतच काशीच्या कानाला यंत्र लागलं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आये." शब्द थोडा वाकडा होता, पण शब्दच होता.

गिरजाबाई हसत-रडत सगुणाच्या गळ्यात पडली. सगुणाही हसली. मग घरात जाऊन तिने तोंडात पदर कोंबला. ती हाक तिला कधीच कुणी मारणार नव्हतं.

वाचकहो, मूल हाकेला वळत नसेल, वर्षाचं होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर त्याला हट्टी ठरवू नका, घरातल्या जुन्या आठवणींवर विसंबू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या. वाट पाहण्यात जी वर्षं जातात, ती मुलाची असतात.