मुलीच्या सहीची जागा

मी हिंदुराव. बारामती डेपोत तेहेतीस वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन लग्नं जमवतो. फुकट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी लई बोलणी खाणार हाय, आणि ती खाणारा माणूस पैशाचा तरी लोभी नव्हता एवढं तुमाला ठाऊक असावं.

माझ्या मोबाईलवर दोन ग्रुप हायेत, एक बारामतीकरांचा, एक इंदापूरकरांचा. इंदापूरकडच्या मुलीचा बायोडाटा बारामतीच्या ग्रुपवर टाकायचा आणि बारामतीकडचीचा इंदापूरच्या. जवळपासची मुलगी सगळ्यांना माहीत असती, आणि माहितीतल्या मुलीत खोट काढायला लोकांना वेळ लागत न्हाय. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी सगळे बायोडाटे पुन्हा टाकतो. लोक त्या दिवशी जरा निवांत असतात.

आता माझी चूक सांगतो. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळंनात, हे तुमाला मी सांगायला नको. माझ्याकडं पोरं चारशे आणि मुली तेवीस. एवढ्याच मुली बघून पोरांच्या आया ग्रुप सोडून जायला लागल्या. म्हणून ज्या मुलींची लग्नं जमली, त्यांचे बायोडाटे मी काढलेच न्हाईत. रिकाम्या एसटीत कुणी चढत न्हाय, हे मी नोकरीत बघितलेलं. गाडी जरा भरलेली दिसावी, एवढंच. तेवीसच्या एकसष्ट झाल्या. कुणी चौकशी केलीच, तर कालच जमलं बघा म्हणायचं.

एका सोमवारी सकाळी संजीवनी माझ्या दारात उभी राहिली. लासुर्ण्याच्या सोपानची ही मुलगी. बारामतीत एका दवाखान्यात रेकॉर्डचं काम बघती. कऱ्हाटीच्या अविराजशी तिचं लग्न मीच जमवलेलं, साखरपुड्यात फेटासुद्धा बांधून घेतलेला. मला वाटलं, पत्रिका द्यायला आली. तिनं हातात एक अर्ज ठेवला. माझा बायोडाटा, फोटो आणि फोन नंबर सगळीकडून काढून टाका, असं त्यात लिहिलेलं.

माझं डोकंच फिरलं. ज्यानं लग्न जमवलं त्यालाच अर्ज! तिला म्हणलं, बाई, आधी बस, पाणी पी, मग काय ते सांग.

तिनं सांगितलं. गेल्या गुरुवारी मी तिचा बायोडाटा परत टाकला होता. तो अविराजच्या चुलतीनं, द्वारकाबाईनं बघितला. अविराजला आई न्हाय, चुलतीनंच वाढवलेला, त्या घरात शब्द तिचाच चालतो. तिनं सरळ अर्थ काढला, की साखरपुडा होऊनसुद्धा सोपान लेकीसाठी आणखी चांगलं स्थळ हुडकतोय. अकरा तारखेचं लग्न थांबवा, असा निरोप लासुर्ण्याला गेला. सोपाननं शपथा घेतल्या, त्याचा उपयोग झाला न्हाय. अविराजचा संजीवनीवर भरवसा होता, पण चुलतीचं मन मोडून तो मांडवात उभा राहणार न्हाय, हे ती ओळखून होती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता.

मी चुकलो, हे त्याच वेळी कळलं. पण कबूल करायला जीभ वळंना. म्हणलं, ह्यात अर्ज कशाला, तोंडी सांगायचं.

मग तिनं कायदा काढला. दवाखान्यात त्यांना त्याचं शिक्षण दिलेलं. लोकांच्या माहितीचा कायदा झालाय, नियमही आलेत. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. काम झालं की पुसायची. दिलेली संमती माणूस मागं घेऊ शकतो, आणि देणं जेवढं सोपं, तेवढंच मागं घेणंही सोपं पायजे. मी हळूच विचारलं, हे सगळं लागू झालंय का? ती खरं बोलणारी पोरगी. म्हणाली, बरीचशी कलमं लागू व्हायला अजून अवकाश हाय.

मला जरा हायसं वाटलं. म्हणलं, "मग वेळ हाय की अजून."

"कायद्याला असंल, तात्या," ती म्हणाली. "माझं लग्न अकरा तारखेला हाय."

तरी मी म्हणलं, संमती तुझ्या बापानं दिली होती, हा बघ फॉर्म. आणि फाईलमधून तिचा फॉर्म काढून तिच्यापुढं धरला. खाली वडिलांची सही होती. मामांचं नाव, गाव, नंबर होता. मुलीची उंची होती, रंग होता, रक्तगटसुद्धा होता. तिनं एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "मी तवा चोवीस वर्षांची होते. माझी सही कुठं हाय?"

मी फॉर्म उलटून बघितला. मुलीच्या सहीला जागाच नव्हती. बारा वर्षं हाच फॉर्म छापतोय, कधी ध्यानातच आलं न्हाय. एसटीत मी लहान पोराचंसुद्धा तिकीट वेगळं फाडायचो, आणि हितं जिचं लग्न तिलाच विचारायचं राहून गेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

तिच्यासमोरच दोन्ही ग्रुपवरचा तिचा बायोडाटा पुसला. जेवढा पुसता आला तेवढा पुसला, बाकीच्यांनी पुसावा म्हणून निरोप टाकला. द्वारकाबाईला फोन लावला, तिनं माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. मग मी टोपी घातली आणि कऱ्हाटीची गाडी धरली.

गाडीत बसलो आणि एक गोष्ट आठवली. द्वारकाबाईची लेक प्रगती. तिचं लग्नसुद्धा माझ्याच ग्रुपवरून जमलेलं, इंदापूर तालुक्यात दिलेली, दोन वर्षं झाली. तिचा बायोडाटासुद्धा मी काढलेला नव्हता. इंदापूरच्या ग्रुपवर दर गुरुवारी जात होता. द्वारकाबाई बारामतीच्या ग्रुपवर, तिला कसा दिसणार?

दारात गेलो तर प्रगती माहेरपणाला आलेली, मांडीवर तान्हं बाळ. द्वारकाबाईनं या म्हणलं न्हाय, पण हाकललंही न्हाय. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सोपानचा ह्यात काडीचा दोष न्हाय, मुली जास्त दिसाव्या म्हणून जमलेल्यांचे बायोडाटे मीच फिरवतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमी सोपानरावाचे जुने दोस्त, त्याला झाकणारच.

आता माझ्याजवळ पुरावा एकच होता. गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती आणि त्या पोरीचं लग्न मोडलं असतं. मी मोबाईल काढला, इंदापूरचा ग्रुप उघडला आणि तिच्यापुढं धरला.

"हे वाचा, वहिनी. गेल्या गुरुवारचंच हाय."

तिनं चष्मा लावून वाचलं. प्रगतीचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर, नोकरदार किंवा बागायतदार पायजे. मग जे बोलली ते मी हितं लिहीत न्हाय. तेहेतीस वर्षांत सुट्ट्या पैशावरनं जेवढं ऐकलं, त्याच्या दुप्पट एका दमात ऐकलं. पण ते परवडलं. प्रगती हळू आवाजात म्हणाली, "तरीच, तात्या. मला अजून फोन येतात. कुठली पोरं म्हणून सासरी दोनदा भांडण झालं." ते मात्र आतवर लागलं.

तिच्यापुढं हात जोडले. माझ्या लेकीच्या वयाची ती.

द्वारकाबाईनं मला ओट्यावर बसवलं आणि पहारा करायला स्वतः समोर बसली. एकेक जमलेली मुलगी हुडकायची, पुसायची, ग्रुपवर माफी मागायची. एका मुलीचं पोरगं बालवाडीत जात होतं. संजीवनी धरून अडतीस नावं गेली. तोवर चहा झाला, मग पोहे झाले, आणि दुपारपर्यंत ती स्वतःच हसायला लागली होती. शेवटी तिनं सोपानला फोन लावला, आपलं चुकलं म्हणाली आणि हळदीला किती बायका येणार ते विचारलं.

मी निघालो तसं ती म्हणाली, "लग्नाला या, तात्या. पण मोबाईल घरी ठेवून या."

त्या आठवड्यात नवे फॉर्म छापून आणले. आता सगळ्यात वर मुलीची सही, तिच्याशी मी स्वतः बोलणार, आणि जमलं की त्याच दिवशी बायोडाटा काढणार. ग्रुपवर आधी तेवीसच मुली उरल्या. चार आया सोडून गेल्या, पण अकरा नव्या मुलींनी स्वतःहून फॉर्म आणून दिले. बरोबर बाप न्हाय, मामा न्हाय. संजीवनीनं दवाखान्यातल्या मैत्रिणींना सांगितलं असणार.

अकरा तारखेला मोबाईल खरंच घरी ठेवला आणि लग्नाला गेलो. अक्षता पडल्यावर नवरा-नवरीनं मला फोटोला वर बोलावलं. फोटो काढून झाला तसा फोटोग्राफर म्हणाला, नंबर द्या आजोबा, फोटो पाठवतो.

मी त्याला विचारलं, "नंबर फोटोपुरताच ना? आणि फोटो पाठवला की पुसणार का?"

संजीवनी एवढी हसली, की मुंडावळ्या सावरायला द्वारकाबाईला वर यावं लागलं.