पुलाचं प्रकरण

जनरलसाहेब साध्या शिपायापासून देशाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत कसे पोचले, त्याचं चरित्र लिहायचं काम मिळालं तेव्हा आपल्या लेखकमहाशयांना आकाश ठेंगणं झालं होतं. आता मात्र लिहिलेली पानं खणाबाहेर काढवत नव्हती. सातवं प्रकरण लिहून झालं होतं आणि ते थोरल्या बहिणीला वाचून दाखवायचं होतं.

ही त्याची जुनी पद्धत. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं, आणि पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक प्रकरण छापखान्यात जाण्याआधी तिच्या कानांवरून जायचं. ती काहीतरी सोलत-निवडत बसायची. ज्या वाक्याला तिचे हात थांबतील, ते वाक्य तो मुकाट्यानं खोडायचा. एक वेळ समीक्षक परवडले!

या खेपेला तो तिच्या घराकडे फिरकलाच नाही. शेवटी मटारची पिशवी घेऊन तीच दारात उभी राहिली. "पुलाचं आलं ना रे? मग तोंड काय लपवतोस?"

पुलाचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. सीमेवरचा पूल उडाला तेव्हा तो आपल्या तुकडीबरोबर पलीकडे होता, तो परत आलाच नाही. त्याच लढाईनं साहेबांचं नाव घरोघरी पोचवलं. पूल कोणी उडवला, हे खुद्द साहेबांनी लेखकाला चहा पिता पिता सांगितलं होतं. "मीच उडवायला लावला. पोरं पळत येत होती, दिसत होती मला. थांबलो असतो तर मागोमाग शत्रू आत आला असता." मग चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "कसं लिहायचं ते तुम्ही बघा."

आणि यानं बघितलं. 'स्वेच्छेने मागे राहिले' हे शब्द त्याचे स्वतःचे. कोणी बंदूक रोखली नव्हती. उलट ते सुचले तेव्हा स्वारी स्वतःवरच खूश झाली होती, आणि त्या खुशीचीच आता त्याला शिसारी येत होती.

त्यानं वाचलं. "...ते शूर जवान शत्रूला रोखण्यासाठी स्वेच्छेने मागे राहिले." ताईचे हात शेंगेवर थांबले.

"म्हणजे तो यायला निघालाच नव्हता?" ती म्हणाली. "बाळंतपणाला हजर असेन, असं कबूल करून गेला होता रे मला."

निघाला होता ताई, धावत सुटला होता. शब्द अगदी ओठांवर आले. पण साहेबांचा चेहरा, पुस्तक, नुकतंच घेतलेलं घर, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि शब्द तिथेच राहिले.

"राहिला तो मागे," तो म्हणाला. "आपणहून."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"मग माझंच चुकलं. इतकी वर्षं मी तुझ्या साहेबांना तळतळाट दिले, त्यांनीच माणसं पलीकडे टाकली म्हणून. लेकीला त्यांच्या मिरवणुकीला कधी जाऊ दिलं नाही. तू भेटतोस ना त्यांना? माझ्या वतीनं माफी माग त्यांची."

तो कागद आवरू लागला.

"मागशील ना?"

"मागेन," तो म्हणाला.