घड्याळाचा हात

तिने हिरवा चिमटा स्वतःच्या डाव्या घोट्याला लावला, काळा उजव्याला, आणि टेबलावर पाठ टेकली. जेवणाची सुट्टी संपायला पंचवीस मिनिटं होती. ईसीजीच्या खोलीला आतून कडी होती, डबा न उघडता तसाच पडला होता. मनगटावरचं घड्याळ एकशे एकवीस ठोके दाखवत होतं. सकाळी जिन्यात एकशे नऊ होतं. त्याआधी, नुसते दात घासताना, अठ्ठ्याण्णव.

लाल चिमटा, पिवळा चिमटा, छातीवर सहा रबरी फुगे. हात लांबवून तिने बटण दाबलं आणि डोळे मिटले.

या आठवड्यातली ही तिसरी वेळ. आधीचे दोन्ही कागद अगदी निर्दोष निघाले होते. ते तिने बारीक फाडून टाकले होते, कुणाच्या चिठ्ठ्या फाडाव्यात तसे.

या वेळचा कागद निराळा होता. पहिल्याच ओळीत सगळ्या लाटा पालथ्या पडल्या होत्या.

कशीबशी ती बाहेर आली. बाकावर एक शिंपी डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी येऊन बसला होता.

"ताई, दोनचा पहिला नंबर माझा हं. आमचं हृदय बंद पडलं तर चालेल, मशीन बंद पडून चालत नाही."

ती हसली नाही. सरळ डॉक्टर मॅडमच्या खोलीत शिरली. मॅडमनी कागद उजेडात धरला.

"कुणाचा?"

गेल्या महिन्यात मॅडमनीच तिला दोनदा तपासलं होतं आणि हसून बजावलं होतं, "ते घड्याळ काढून ठेव, नाहीतर एक दिवस तुलाच काढून ठेवावं लागेल." काढलं, असं तिने सांगितलं होतं. तेव्हापासून ती लांब बाह्यांचे कपडे घालत होती.

"आईचा," ती म्हणाली.

"वायर उलट्या लागल्या की असं दिसतं. पण तू काढलायस, म्हणजे तो प्रश्नच नाही. नव्या पोरांना तूच तर शिकवतेस." मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि गती बघ केवढी. कुठे आहे आई?"

"घरी गेली."

"असा कागद हातात असताना घरी पाठवलंस?" मॅडमनी फोन उचलला. "नंबर सांग."

दहा आकडे. प्रत्येक आकड्यानंतर थांबता आलं असतं. तिने दहाही सांगितले.

"आई, घाबरू नका हं. मघाशी तुमचा ईसीजी काढला ना, तो पुन्हा काढायचाय. अशाच निघा." मॅडम क्षणभर ऐकत राहिल्या. "ती? आहे की. माझ्यासमोरच उभी आहे."

आई दोनच्या ठोक्याला पोचली. पायात घरातल्या चपला, कोपरापाशी साबणाचा फेस वाळलेला. "रांग असते हो," असं शिंपी म्हणाला तेही तिने ऐकलं नाही. लेकीला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि मुकाट्याने टेबलावर चढून आडवी झाली.

"आई, मला तुला—"

"आधी काढ."

लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या. आईच्या छातीवर फुगा लावताना तिच्या बोटांना आतली धडधड लागत होती. कागद सरकत बाहेर आला. लाटा सरळ होत्या. गती एकशे अठरा. हे आपण केलं, एवढंच तिच्या मनात आलं.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"छान आहे की! धावत आल्यात म्हणून ठोके वाढलेत, बाकी काही नाही. म्हणजे मघाशी वायरच उलट्या होत्या. डावा-उजवा. तुझ्या हातून?"

पट्टा आवळून आवळून डाव्या मनगटाला पुरळ उठलं होतं, म्हणून तीन दिवसांपूर्वी घड्याळ उजव्या हातात गेलं होतं. शरीराला मात्र जुनंच ठाऊक होतं: घड्याळाचा हात तो डावा. पिवळा चिमटा तिने घड्याळाच्या हाताला लावला होता.

तिचे कान तापले. ती तोंड उघडणार, तोच टेबलावरून आई म्हणाली, "माझंच चुकलं. मी वळवळ फार करते. ही बिचारी ओरडत होती, गप पडून राहा म्हणून."

वळवळ केल्याने वायर उलट्या लागत नाहीत. मॅडमनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या लांब बाह्यांकडे. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं कधीकधी," एवढंच म्हणून त्या गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई, तुला उगाच घाबरवलं गं. तुला काही झालेलं नव्हतं—"

"मला काही झालेलं नाही हे मला कळत नाही होय?" आईने एकेक चिमटा काढून बाजूला ठेवला. "आज माझा ईसीजी काढलाय कुणी? मग कुणाचा, ते फोनवरच कळलं. वाटभर एकच घोकत आले. उभी आहे म्हणाल्या, उभी आहे म्हणाल्या."

तिने मान खाली घातली. आईने तिची बाही वर सारली, आधी घड्याळाची, मग दुसरी. लाल पुरळावरून अंगठा फिरवला.

"कधीपासून, मुंगे?"

आईने खाली उतरून टेबलावरची चादर तळव्याने सारखी केली.

"पड जरा."

"अगं, बाहेर पेशंट—"

"पड म्हणते ना."

चादर अजून कोमट होती. आई बाहेर गेली, दार ओढून घेतलं.

"आता माझा नंबर ना?" शिंप्याचा आवाज आला.

"पाच मिनिटं दम धरा," आई म्हणाली. "आत पेशंट आहे."