खिडकीतली कुंभारीण

रतन पेंटरने जुना रंग खरवडायची पट्टी खिडकीच्या चौकटीला टेकवली, तशी मृणाल मध्ये येऊन उभी राहिली.

"इथे नको ना काका. बाकी सगळं खरवडा."

चौकटीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. तिला तुळशीच्या कुंडीतली ओली माती नेताना मृणालने पाहिलं, तेव्हापासून शाळेतून आली की ती खिडकीत. बाबांच्या मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची. अडलेले शब्द शेजारच्या कल्पिताताईला विचारून यायची. चौथीच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. आता तिला बाळ बाहेर येताना बघायचं होतं, आणि गणपती तोंडावर आल्यामुळे रंगकाम निघालं होतं.

विमलाआजी नातीच्याच बाजूने होती, पण वेगळ्या कारणाने. कुंभारणीने घर केलं की घरात पाळणा हलतो, हे ती शहाडच्या त्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली होती. लिफ्टमध्ये बायका मृणालच्या आईला, विनिताला, हसून विचारू लागल्या होत्या. दुसरं मूल नको, हे विनिताने आणि नवऱ्याने केव्हाच ठरवलं होतं.

"रतनभाऊ, काढून टाका ते," विनिता म्हणाली.

पट्टी सरकली आणि कडेचं घर फुटलं. आत हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या, आणि त्यातलीच एक खाणारा पांढरा जीव.

मृणालचे डोळे भरले, तरी ती वाकून बघत राहिली.

"आजी, तू म्हणालेलीस ना, कुंभारीण गुणगुणते आणि अळीची माशी होते? तसं नाहीये. या अळ्या म्हणजे डबा आहे. ती डंख मारून त्यांना नुसतं गप्प करते, म्हणजे डबा खराब होत नाही. बाळ हे, पांढरं."

आजीने चष्मा लावून पाहिलं. "मग आपल्याकडे पाळणाबिळणा काही नाही?"

"काहीच नाही."

विनिताला हसू फुटलं. मग तिने विचारलं, "आणि या बाळाची आई?"

"डबा भरते, दार लिंपते आणि जाते. परत येत नाही."

विनिता रोज सकाळी मृणालचा डबा भरून माजिवड्याच्या ऑफिसला निघायची.

"मग बाळाला कसं कळतं, पुढे काय करायचं ते?"

"कळतं त्याचं त्याला."

विनिताने रतनला तेवढा कोपरा सोडून रंगवायला सांगितलं.

फुटलेल्या घरातला जीव दुसऱ्या दिवशी काळा पडला. मृणाल रडली, आणि मग तो का मेला ते शोधायला बसली.

गौरी-गणपती झाले. एका सकाळी उरलेल्या एका घराला आतून बारीक भोक पडलं. मृणालने हाक मारली तेव्हा विनिता चपला घालून दारात उभी होती. खाली ऑफिसच्या बसचा हॉर्न वाजत होता. ती चपलांसकट आत आली.

भोकातून काळं डोकं बाहेर आलं, थांबलं, पुन्हा माती कुरतडू लागलं.

"सरक जरा," विनिता म्हणाली.