न कोरलेलं बूच

"लिही. चांदणी. टोकं सहा, एक तुटलेलं. शाई काळी. ठसा स्वच्छ."

"अहो, जरा दमानं. हात आहे माझा, यंत्र नव्हे." शिक्केवाल्यांच्या बायकोने पेन झटकलं आणि नाक वहीला टेकेल इतकी ती वाकली. "आणि तुटलेलं टोक कुठंय? मला तर सगळी धडधाकट दिसतायत."

"डावीकडे, खाली."

होतं. अगदी डावीकडे, अगदी खाली. समोरचा चहाचा कप ज्या माणसाला चाचपडून शोधावा लागत होता, त्याला दीडशे वर्षांपूर्वीच्या टपाल तिकिटावरच्या चांदणीचं मोडकं टोक तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षभरात शिक्केवाल्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक काळा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं सगळं दिसे; जे बघायचं नेमकं तेवढंच दिसत नसे. डॉक्टरांनी हात टेकले. मग एक दिवस चहा ढवळता ढवळता शिक्केवाल्यांनी जाहीर करून टाकलं, की तिकिटांची वही संग्रहालयाला देणार. आज चार वाजता तिथला माणूस न्यायला यायचा होता. संग्रहालयाची अट एकच, प्रत्येक तिकिटाखाली चिठ्ठी हवी. शिक्केवाल्यांना तर लिहिता येईना. म्हणून जिला बायकोने एकतीस वर्षं 'माझी सवत' म्हणून बोल लावले, त्या वहीपुढे आज तिलाच मांडी ठोकून बसावं लागलं होतं.

"लोक कोरी तिकिटं जमवतात," ती म्हणाली. "तुम्हीच एक जगावेगळे. शिक्का मारलेली, मेलेली तिकिटं."

"अगं, कोरं तिकीट सगळ्यांचं सारखं. छापलं की संपलं. शिक्का मात्र माणसाचा असतो." त्यांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "त्या काळी खेड्यातल्या टपाल मास्तरला वरून फक्त तारखेचा शिक्का मिळायचा. तिकीट रद्द करायला काय वापरायचं, ते त्याचं त्याने बघायचं. मग तो बाटलीचं बूच घ्यायचा, चाकूने काहीतरी कोरायचा, शाईत बुडवायचा आणि द्यायचा ठोकून. नुसती फुली मारली असती तरी कुणी विचारलं नसतं. पण आमचा हा बघ."

'आमचा हा' म्हणजे डोंगरापलीकडच्या एका एवढ्याशा टपालघराचा मास्तर. अख्खी वही त्या एकट्याची. मांजर, पतंग, हसणारा चंद्र, छत्री धरलेला बेडूक. बूच झिजलं की गडी नवं घेई आणि नवीनच काही कोरी. सहा वर्षांत एकही चित्र पुन्हा आलं नव्हतं.

बेडूक बघून तिला हसू फुटलं. "बेडकाला छत्री? हा तर तुमच्याहून वेडा."

"घरात कुणालातरी हसवायला कोरलंय ते," शिक्केवाले म्हणाले.

तिने पान उलटलं.

"लिही," ते म्हणाले. "बूट. एकच. लहान मुलाचा. नाडी सुटलेली. शाई काळी. ठसा स्वच्छ. चल पुढे."

पुढे एकच पान होतं. वर शिक्केवाल्यांच्या जुन्या, ठसठशीत अक्षरात 'यानंतर' असं लिहिलेलं, आणि खाली काही नाही.

"हे रिकामं का?"

"बुटानंतरचं मिळालंच नाही. त्या गावचं टपाल दिसलं की गठ्ठ्याने घेत आलो. एकतीस वर्षं. नंतर काहीतरी कोरलंच असेल ना त्याने? पाखरू म्हण, पान म्हण. माणूस कधीतरी पुन्हा..."

"लेकरू गेलं त्याचं, असं वाटतं तुम्हाला."

"अंदाज आहे आपला."

लेकराचा विषय या घरात एकतीस वर्षांनी निघत होता, तोही परक्याच्या.

शिक्केवाले म्हणजे रबरी शिक्के कोरणारे. कचेरीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढं. 'पोच', 'मंजूर', 'नामंजूर', सगळं हाताने, उलट्या अक्षरात. गावातल्या निम्म्या लोकांची कामं माझ्याच हातच्या शिक्क्याने अडली आहेत, असं ते ऐटीत सांगत. आणि उरलेल्या रबराच्या तुकड्यांवर ते लेकीसाठी मासे कोरत. पाच वर्षांची लेक. ती ते मासे कागदावर कशाला उठवेल? मनगटापासून दंडापर्यंत जांभळ्या शाईचे मासे पोहत असत. मग हात आईपुढे धरून म्हणे, "फुंकर घाल, वाळू देत." आणि आई ओरडता ओरडता फुंकर घाली.

ताप तिसऱ्या दिवशी मेंदूत गेला. दवाखान्यात परिचारिकेने ओल्या कापसाने लेकीचा दंड पुसायला घेतला, तेव्हा आई तिच्या अंगावर धावून गेली होती. तेवढंच तिला त्या दिवसाचं नीट आठवे.

आणि आठवे तो लेक गेल्यानंतरचा चौथा दिवस. चौथ्या दिवशी शिक्केवाले उठले, दाढी केली आणि दुकान उघडायला गेले. कुणाचातरी 'नामंजूर' अडला होता. तिने अडवलं नाही. फक्त तेव्हापासून मनाच्या एका कोपऱ्यात कडी लावली ती लावलीच. जेवण वाढलं, आजारपणं काढली, टोमणे मारले, हसलीही. कडी मात्र काढली नाही.

आता ती उठलीच. बसवेना. कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. "हाही द्यायचाय का?"

"छे, तो कचरा. त्याच गावचं टपाल, पण शाई फासलेलं. नुसते काळे डाग. मला म्हणशील तर आता जिकडेतिकडे तेच दिसतात." ते स्वतःच्याच विनोदावर थोडेसे हसले. "टाकून दे."

पण न बघता टाकेल ती बायको कसली. तिने एक पाकीट शिक्केवाल्यांच्या भिंगाखाली धरलं. भिंग हातात आलं, तर चांदणीचं टोक शोधून झालेला डोळा थांबतोय कशाला.

"फासलेलं कुठंय हो? कडा तर गोल आहे. कंपासने काढल्यासारखी."

"कसली कडा?"

"या डागाची. आणि आत बारीक बारीक छिद्रं आहेत. पावाच्या तुकड्यासारखी."

शिक्केवाल्यांनी कप खाली ठेवला. तो बशीत न पडता टेबलावर पडला, कलंडला. त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

"दुसरं बघ."

"यातही तेच."

"तारीख वाच. शेजारच्या शिक्क्यातली."

तिने वाचली. बुटानंतरचा तिसरा आठवडा. पुढचं पाकीट, त्याच वर्षाचं. त्याच्या पुढचं, दुसऱ्या वर्षाचं. ती वाचत गेली आणि सांडलेला चहा टेबलाच्या कडेवरून टपटपत राहिला.

"ती छिद्रं बुचाची आहेत," शिक्केवाले हळूच म्हणाले. "बूच घेतलं आणि तसंच ठोकलं. चाकू लावलाच नाही." मग समोरचं रिकामं पान चाचपून, "मी कधी भिंग धरलंच नाही त्यांच्यावर. नक्षी नव्हती ना."

"अहो..."

"सगळी बघ. एकावर तरी रेघ असेल. एक बारकी. एवढ्या वर्षांत एकदा तरी हात गेला असेल त्याचा."

त्रेचाळीस पाकिटं होती. तिने त्रेचाळीस बघितली, डोळ्यांत तेल घालून. अकरा वर्षांचं टपाल. शेवटच्या पाकिटापाशी 'आहे हो, एक रेघ आहे' हे शब्द तिच्या जिभेवर आलेही. त्यांना कुठे दिसणार होतं? त्यांनी मान तिच्याकडे केली होती, जरा तिरकी, डागाच्या कडेने तिचा चेहरा पकडायला.

"नाही हो," ती म्हणाली. "एकही नाही."

ते मान हलवत राहिले.

"पण टपाल रोज गेलंय," ती पुन्हा पाकिटांकडे बघत म्हणाली. "काही आठवड्यांत तर तीन-तीन तारखा आहेत."

"जाणारच. लोकांची पत्रं होती."

ती किती वेळ त्यांच्या हातांकडे बघत होती कोण जाणे. बोटांच्या पेरांत चाकूचे जुने वण होते.

"तुम्हीही त्यानंतर मासा कोरला नाहीत."

"बसायचो रोज. रबर घ्यायचो." शिक्केवाल्यांनी ओल्या टेबलावरून बोट फिरवलं. "अक्षरंच यायची."

"मला वाटायचं, तुम्ही..."

"माहितेय मला. तुझं वाढणं बदललं होतं." ते म्हणाले. "बरोबर होतं तुझं. घरी थांबायला हवं होतं मी."

तिने पदराने टेबल पुसलं, मग तोच पदर डोळ्यांना लावला, चहाच्या डागासकट.

दारावरची घंटा वाजली. चार.

ती उठली नाही. 'यानंतर'च्या पानावर तिने काळ्या गोलांची पाकिटं मांडायला घेतली, वर्षाला एक, अशी अकरा. कोपरे नीट जुळवले, शिवणीची टोकं जुळवावीत तसे.

"चिठ्ठीवर काय लिहू?"

"लिही. बूच." शिक्केवाले म्हणाले. "आकार नाही. शाई काळी. ठसा..."

"स्वच्छ," तिनेच म्हटलं, आणि लिहिलं.

घंटा पुन्हा वाजली.

"दोन मिनिटं थांबा हो," ती दाराकडे बघून म्हणाली. "शाई ओली आहे अजून."

मग तिने वही दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ आणली, आणि लहान हात पुढे धरलेला असावा तशी, हळूहळू फुंकर घालत राहिली.