दोन सुरांची शीळ

सरलाबाईंनी मोरीतलं कपड्यांचं धोपटणं उचललं, पदर कमरेला खोचला आणि परसातल्या विटांच्या थप्पीवर चढून त्या मागच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. नुकतं फटफटलं होतं. भिंतीपलीकडे चिकूची जुनी वाडी. मालक भाऊभाऊ कोर्टात भांडत बसलेले, आणि इकडे झाडांखाली करवंदी, बोरी, घाणेरी अशा माजलेल्या की आत हत्ती बांधला तरी गोडादऱ्याच्या वस्तीत कुणाला पत्ता लागला नसता.

शीळ आली. एक सूर वर, एक खाली. मग गप्प.

"कोन शे रे तिकडे? एका बापाचा असशील तर समोर ये!"

समोर कुणी आलं नाही. वाडी क्षणभर चूप राहिली आणि जरा पलीकडून पुन्हा तेच, एक वर, एक खाली. ऐकलं बरं का म्हातारे, असं सांगितल्यासारखं.

मोरीपाशी तोंड धूत उभ्या असलेल्या चंचलला हसू आलं. तिनं ते चुळीबरोबर टाकून दिलं. पण सरलाबाईंचे डोळे अजून शाबूत होते.

"हसू येस? तुले काय वाटस, मी आंधळी शे? तू मोरीवर आली का हा चालू. सकाळी तेच, दिवेलागणीला तेच. भिंतीला काय तुझं टाइमटेबल चिकटवलंय?"

"मोठी माय, पक्षी आहे तो."

"हो. पॅन्ट घालणारा पक्षी."

चंचल ही नात, त्यांच्या मुलाची, योगराजची थोरली. तिचा बारावीचा निकाल लागला तेव्हा याच सरलाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. बारावीचं तोंड पाहिलेलं घरातलं ते पहिलंच माणूस. "उधन्याकडे कॉलेज शे ना, जाय," म्हणाल्या होत्या. "तुना बाप आडवा आला तर मी बघते." योगराज कशाला आडवा येतोय? बारा-बारा तास कापड कारखान्यात लूमवर उभं राहून आलेल्या माणसाला आडवं व्हायचं तेवढंच माहीत. मग ही शीळ सुरू झाली आणि सरलाबाईंनी एसटीडी बूथवरून नंदुरबारला फोन लावून घेतला. चंचलला बघायला पाहुणे रविवारी येणार होते. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि कॉलेजचं नाव घरात कुणी काढायचं नव्हतं.

दुपारी सगळ्या धागे कापायला बसल्या. बाजारातून आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांनी खोली भरलेली. साडीमागचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, पुढची ओढायची. एका गठ्ठ्याला टेकून हिलाल बसले होते, सरलाबाईंचे मालक. सगळी उमर लूमच्या खडखडाटात गेली, तिच्याबरोबर कानही गेले.

"मी पाहिलाय तो," चंचल म्हणाली. कात्री चालूच होती. "मैनेएवढा आहे. शेपूट म्हणशील तर नावालाच. पाठ मेंदी, पोट बदामी, पंखावर फिरोजी. डोळ्यावरून काळा पट्टा, गळा पांढरा. आणि शेपटीखाली लाल. एकदम लाल."

"पक्षी शे का शेडकार्ड?"

रंजना, चंचलची आई, हसली. सासूनं पाहिलं तशी खोकली.

"विज्ञानाच्या बाईंना विचारलं मी. नवरंग म्हणतात त्याला. पावसाच्या तोंडावर येतो, पिल्लं काढतो, पाऊस सरला की खालच्या मुलखात परत जातो. जमिनीवरच फिरतो, पाल्यात. म्हणून दिसत नाही."

"दिसत नही आन शिट्टी मारस. तुझ्या बाईला म्हणावं, असे आम्ही पुष्कळ पाह्यले."

"काय म्हनी राहिनी पोर?" हिलालनी मान पुढे करून विचारलं.

"काही नही," सरलाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "तुम्ही सुखी शेतस!"

शिट्टीपायी काय होतं हे सरलाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं माहेर. घरामागे नाला, नाल्याकाठी करवंदीच्या जाळ्या. त्या तिसरीत होत्या तेव्हा असेच दिवस होते, मिरगाच्या आगेमागे, आणि त्या जाळ्यांतून शीळ यायला लागली. सकाळी नाल्यावर भांडी घासायला गेलं की शीळ, सांजेला पाण्याला गेलं की शीळ. भावांनी पाळत ठेवली आणि तेल्याच्या लोटूला धरला. तो शेरडं घेऊन नाल्याकडे जायचा, एवढं पुरे झालं. "मी नही, मी नही," म्हणत तो मार खात राहिला. सरलाबाईंच्या बापानं त्यांची पाटी उतरंडीमागे ठेवली ती पुन्हा निघाली नाही, आणि येत्या वैशाखात लग्न लागलं.

घरातल्या पोरींना ही गोष्ट पाठ होती. सरलाबाई ती दम द्यायला वापरत, डबीतला विंचू काढून दाखवावा तशी. पण तिचं एक टोक त्यांनी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. संसारात कुणी टाकून बोललं, अंगावरचं लुगडं विरलं, आरशात बघायचंही राहून गेलं, की त्या मनातल्या मनात ते टोक धरून बसायच्या. आपल्यासाठी कुणीतरी पहाटे नाल्यात उभं राहायचं. मार खाल्ला, पण उभं राहायचं.

आता इथे, गोडादऱ्यात, संशय ललितवर होता. पुढच्या ओळीत राहणारा हा पोरगा कारखान्यात लूम दुरुस्त करणारा मास्तर होता. लूम चालू असताना हाक ऐकू जात नाही, म्हणून कारागीर एकमेकांना शिट्टीनं बोलावतात, आणि ज्याची त्याची शिट्टी वेगळी. ललितची दोन सुरांची: एक वर, एक खाली. ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

दिवेलागणीला सरलाबाई त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ललित उंबऱ्याशी ताट घेऊन बसला होता. भाकरी, शेवभाजी.

"काय हो मास्तर, लूम बंद पडली का तुम्ही शिट्टी मारता. आमच्या भिंतीमागे काय बंद पडलंय?"

ललित घाबरून उठायला लागला.

"बठ. ताटावरून उठू नही, एवढंही नही शिकवलं मायनं? ते शिकवलं असतं तर दुसऱ्याच्या लेकीबाळी राहतात तिथे कशी वाट चालायची तेही शिकवलं असतं. कारखान्यात साडीला डाग पडला का माल परत येतो. पोरीच्या नावाला डाग पडला तर कोनाकडे परत न्यायची?"

दारं उघडली. बायका हात पुसत बाहेर आल्या. ललितनं घाईघाईत मोठा घास तोंडात कोंबला होता, तो गिळता येईना की टाकता येईना.

"मी नही, मोठी माय," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "मी नही."

सरलाबाईंचा पुढचा शब्द ओठावर होता, तो तिथेच राहिला. का राहिला ते त्यांनाही कळलं नाही.

आणि तेवढ्यात मागून, त्यांच्याच घराच्या पलीकडून, वाडीतून शीळ आली. एक वर, एक खाली.

सगळ्या गल्लीनं ललितच्या तोंडाकडे पाहिलं. गाल फुगलेले, ओठांच्या कडेला रस्सा. कुणीतरी फिसकन हसलं.

"मग तुझा चेला असेल," सरलाबाई म्हणाल्या आणि वळल्या. चाल तीच, ताठ. पण घरी जेवायला बसल्यावर त्या भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या, आणखी मोडत राहिल्या, शेवटी ताटात नुसता चुरा झाला. रंजनानं पाहिलं आणि न विचारता वरून दूध घातलं.

पहाटे त्यांनी चंचलला हलवलं.

"उठ. दाखव."

भिंतीच्या टोकाला विटा ढासळून भगदाड पडलं होतं, तिथून दोघी आत शिरल्या. धोपटणं सरलाबाईंच्या हातात होतंच. एका चिकूच्या बुंध्यामागे चंचल थांबली.

"मोठी माय, खाली बस. आणि बोलू नको."

हे दोन हुकूम एका दमात सरलाबाईंना आजवर कुणी दिले नव्हते. त्या बसल्या. मच्छर पायाला लागले, पदरात काटे अडकले, एक शिवी जिभेवर आली ती त्यांनी परत पाठवली. करवंदीखाली पाला हलला. उंदीर असेल, त्यांना वाटलं. मग पाला पुन्हा हलला आणि जाळीखालून तो बाहेर आला.

ठेंगणा, गोल, काड्यांसारख्या पायांवर ताठ. दोन उड्या मारायचा आणि चोचीनं पान उलटायचा, दुकानात पारखी बाई साडीचा पदर उलटून बघते तसा. पाठ मेंदीच होती. पोट बदामी. डोळ्यावरून काजळ ओढलेलं, पार मागे मानेपर्यंत. तो वळला तेव्हा खांद्यावरची फिरोजी चकाकली, आणि पुढे वाकला तेव्हा आखूड शेपटीखालचं लाल दिसलं, घाईत नेसलेल्या साडीतून परकर दिसावा तसं. रंग सगळे भडक, पण एकही दुसऱ्याला मारत नव्हता. असा माल बाजारात कधी आला नव्हता.

मग त्यानं मान मागे टाकली, पांढरा गळा फुगवला आणि शीळ घातली. एक सूर वर, एक खाली.

लांबून, वाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, तशीच शीळ परत आली.

"पाहिलंस?" चंचल कुजबुजली.

धोपटणं सरलाबाईंच्या हातून सुटून पाल्यात आडवं झालं होतं. पक्षी दचकून जाळीत शिरला तरी त्या तिथेच बघत होत्या, जाळीकडे. करवंदीला कच्ची हिरवी फळं लागली होती.

"करवंदीच होत्या," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"नाल्यावर. आमच्या."

चंचलनं ती गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. ती आजीच्या पदरातले काटे एकेक करून काढायला लागली.

"काय मारलं वं त्याले," सरलाबाई म्हणाल्या. "खरंच सांगत होता लोटू." मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. चंचलला आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. "आन मी येडी इतकी वर्सं..."

"तू काय?"

"काही नही. मोठ्यांचं बोलणं शे. हात दे, गुडघे धरले."

परसात रंजना वाट बघत उभी होती.

"सापडला का, आत्याबाई?"

"सापडला."

"कोण होता?"

"परगावचा शे. पाऊस सरला का जाईल." सरलाबाईंनी धोपटणं मोरीत ठेवलं. "योगराजले सांग, नंदुरबारले फोन लाव. म्हणा, पोरीला कॉलेजात घालतोय. पाहायची असंल तर शिकी झाली का या, तवर तुमचा पोऱ्याही काही शिकला तर बरं."

चंचल जागची हलली नाही. हलली तर शब्द परत घेतला जाईल, असं काही तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आणि मांडे?" रंजनानं विचारलं. "पाहुण्यांसाठी डाळ आणून ठेवली, आंबे पिकायला घातले."

"मांडे होतील. ललितले बोलाव. ताटावर बसलेल्या माणसाला बोलले मी."

रविवारी ललित आला, आखडून बसला. खापरावरचे मांडे, रस. सरलाबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. तूप वाढताना हात थांबवायचं तेवढं विसरल्या. ललित "पुरे, पुरे" म्हणत राहिला. हिलालना वाटलं, तो आणखी मागतोय. त्यांनी रसाची वाटीही त्याच्याकडे सरकवली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी चंचल नवी बॅग खांद्याला लावून निघाली. सरलाबाईंनी तिला दारापर्यंत पोचवलं, ओढणी नीट कर म्हणाल्या, रिक्षात कडेला बसू नको म्हणाल्या, कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव म्हणाल्या. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर त्या परसात आल्या.

रंजना आत पोळ्या लाटत होती. हिलाल झोपले होते. ते जागे असते तरी चाललं असतं. सरलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विटांच्या थप्पीवर चढल्या. ओठांचा चंबू केला. नुसता वारा गेला. जन्मात कधी केलं नव्हतं. बाईनं करायचं ते काम नव्हे, हे त्यांनीच घराला शिकवलं होतं. ओठ जिभेनं ओले करून त्यांनी पुन्हा फुंकलं. एक सूर वर गेला, वाकडातिकडा. दुसरा कसाबसा खाली आला.

वाडी चूप.

मग करवंदीच्या जाळीतून, अगदी जवळून, एक वर, एक खाली.

"आत्याबाई!" आतून रंजनाचा आवाज आला. "ऐकलं का? आज तर भिंतीच्या अलीकडे आलाय तो!"

"हो, ऐकलं," सरलाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "तू पोळी बघ."